कँटन फेअरला निघालात? आधी पैशांचं बघा

ग्वांगझौच्या कँटन फेअरला जायचं ठरलं की आपण तिकीट काढतो, व्हिसा करतो आणि करन्सी 'एअरपोर्टवर घेऊ' म्हणतो. तिथे रेट महाग पडतो. चार दिवस आधी कॅम्पात एम. जी. रोडला दोन-तीन मनी चेंजरकडे भाव विचारा. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलाच बघा. ५०,००० रुपयांच्या वर घेणार असाल तर पैसे रोख चालत नाहीत, बँकेतूनच द्यावे लागतात. परकीय नोटा एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डवर. कार्डात युआन नसेल तर क्रॉस-करन्सी चार्ज किती, हे आधीच विचारून घ्या.

आता खरा चटका. साध्या क्रेडिट कार्डवर बऱ्याचदा साडेतीन टक्के मार्कअप, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १ लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये गेले! सॅम्पलचं मार्जिन काढताना हे धरता का? मशीनवर 'रुपये की युआन' विचारलं तर युआनच दाबा.

आणि हो, कार्डचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा. परतल्यावर २,००० डॉलरच्या वर उरलेलं चलन १८० दिवसांत परत करायचं असतं.