धडा : गोकू, कासवऋषी आणि कोलांटउडी

मुलांनो, सहलीसाठी पैसे जमवायला आपण जुन्या वस्तूंची विक्री केली, तेव्हा एका पालकांनी गराजमधून एक राखाडी खोकं आणलं होतं. त्यात निन्टेन्डोचं जुनं यंत्र, दोन कंट्रोलर आणि तीन कॅसेट होत्या. ते विकलं गेलं नाही. (खरं सांगायचं तर आम्हीच ते टेबलाखाली सरकवून ठेवलं होतं.) त्यातल्या एका कॅसेटवर 'ड्रॅगन पॉवर' असं लिहिलेलं होतं आणि त्या कॅसेटने वर्गाचे पुढचे तीन रविवार खाल्ले. उजळणी मागे पडली. तेव्हा या अंकातला धडा त्याच खेळावर.

आई-बाबांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. या एका कॅसेटमधून आम्हाला जितके शब्द मिळाले तितके पाठ्यपुस्तकाच्या चार धड्यांतून मिळाले नव्हते.

आधी खेळाविषयी. हा खेळ मूळचा जपानचा. तिथे तो नोव्हेंबर १९८६ मध्ये 'ड्रॅगन बॉल : शेनलोंगचं कोडं' अशा अर्थाच्या नावाने निघाला. अकिरा तोरियामा (१९५५ ते २०२४) यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा एका साप्ताहिकात १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं चालली आणि पुढे तिची ४२ पुस्तकं झाली. जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. शेपूट असलेला गोकू नावाचा मुलगा सात जादूचे मणी शोधायला निघतो. सातही मणी एकत्र आले की शेनलोंग नावाचा महासर्प प्रकट होतो आणि एक इच्छा पूर्ण करतो, अशी ती गोष्ट. आजच्या खेळांपुढे हा खेळ अगदीच साधा आहे. गोकू वरून पाहिल्यासारखा दिसतो, ठोसे मारत रानातून फिरतो, आणि मोठा शत्रू आला की चित्र बदलून दोघे बाजूने, समोरासमोर दिसतात. चित्राला खोली नाही, सगळं सपाट. गोकू वळतोही जरा उशिराच. पहिल्या रविवारी मोठी मुलं हसली. दुसऱ्या रविवारी कंट्रोलर सोडायला तीच तयार नव्हती.

कारण हा खेळ फार दुष्ट आहे. यात शक्तीचा एक आकडा असतो. इतर खेळांत शत्रूने मारलं की आकडा उतरतो. इथे कुणी मारलं नाही, नुसते उभे राहिलात, तरी तो उतरतच राहतो. गोकूला सतत भूक लागलेली असते! वाटेत खायला मिळालं की आकडा वर चढतो, नाही मिळालं तर लढाई न करताच खेळ संपतो. त्यामुळे शूरपणापेक्षा पोटापाण्याची व्यवस्था जास्त बघावी लागते. एक छोटी मुलगी आकडा वीसच्या खाली आला की ओरडायची, "पोटात कावळे! पोटात कावळे!" आम्ही वाक्प्रचार शिकवला होता तेव्हा तो तिच्या लक्षात राहिला नव्हता. आता तो जन्मभर राहील.

जपानीत भूक लागली की 'पेको पेको' म्हणतात. पोट रिकामं होऊन आत गेलं, असं सांगणारा तो शब्द. इथून आमची गाडी नादाच्या शब्दांकडे वळली. मराठीत आणि जपानीत असे जोडशब्द मुबलक आहेत. हृदय मराठीत धडधड करतं, जपानीत 'दोकी दोकी'. आपल्याकडे ढग गडगडतात, तिकडे 'गोरो गोरो'. आपलं सोनं लखलख करतं, त्यांचं 'पिका पिका'. (हो, तुमच्या लाडक्या पिकाचूतला 'पिका' विजेच्या चमकेचाच.) सगळ्यात गंमत 'शिइन' या शब्दाची. काहीच आवाज नसतो, तेव्हा मांगाचे चित्रकार चौकटीत हा शब्द लिहितात. आवाज नसण्याचा आवाज! मराठीत याला काय म्हणाल, असं विचारल्यावर वर्गात खरोखरच 'शिइन' झालं. मग एका आजींनी मागच्या बाकावरून सांगितलं, "शुकशुकाट." आम्हाला हे सुचलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, नावांची. अमेरिकेत हा खेळ १९८८ साली आला, तेव्हा इथे ड्रॅगन बॉल फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याची इंग्रजी कार्टून मालिका इथे सुरू झाली १९९५ मध्ये. तेव्हा खेळ विकणाऱ्यांना वाटलं असावं की ही जपानी नावं कुणाला कळायची नाहीत. बुल्माची झाली नोरा. यामचाचा झाला लान्सर, म्हणजे भालेवाला; आपल्याकडचा भालेराव म्हणा. ऊलाँग नावाचं रूप बदलणारं डुक्कर आहे, त्याचा झाला पजी, म्हणजे ढब्बू. कासवऋषींचं नाव उरलं नुसतं हर्मिट, बैरागी. जादूचे मणी झाले क्रिस्टल बॉल. हे ऋषी जरा चावट आहेत. मूळ खेळात ते एक भलतीच वस्तू मागतात, तिथे अमेरिकन कॅसेटमध्ये सँडविच घातलेलं आहे. हा बदल मात्र आम्हाला पसंत आहे. वर्गात खेळताना फार सोय झाली.

गोकूचं नाव तेवढं गोकूच ठेवलं, पण त्याचा चेहरा बदलला. काटेरी केसांचा तो गोंडस मुलगा जाऊन तिथे माकडासारखा दिसणारा कुणीतरी आला. आम्ही मूळ मांगाचं पुस्तक शेजारी ठेवून मुलांना दाखवलं. ती एकदम रागावली. हा आमचा गोकूच नाही, म्हणाली.

तेव्हा आपल्या वर्गातला एक मुलगा जे बोलला ते इथे लिहिण्याची परवानगी त्याच्याकडून घेतली आहे. त्याच्या नावात 'ज्ञ' आहे. शाळेत कुणाला तो जमला नाही, म्हणून पहिलीतच त्याचं नाव कापून शेवटच्या दोन अक्षरांवर आणलं गेलं. आता त्याचे मित्र, शिक्षक, फुटबॉलचे कोच, सगळे त्याच नावाने हाक मारतात. तो म्हणाला, "गोकूचं नाव ठेवलं आणि तोंड बदललं. माझं तोंड ठेवलं आणि नाव बदललं." कुणीच काही बोललं नाही. मग त्याची आई म्हणाली की शाळेत आम्हीच म्हणालो होतो, चालेल. त्या वेळी या देशात येऊन त्यांना चार महिने झाले होते, आणि कुठे कशाला हरकत घ्यायची ते कळत नव्हतं. मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मांगाचा विषय तिथेच थांबला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून 'ज्ञ' कसा म्हणायचा ते फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं. चार प्रकारे लिहिलं. चारही चुकीचे वाटले. शेवटी त्याने स्वतः एक निवडला. शाळेत तो सांगायचा की नाही, ते त्याचं तो ठरवणार आहे.

पुढच्या रविवारी आम्ही गोकूच्या नावाचा अर्थ लावला. तो ज्या नावावरून आला ते चिनी आहे : सुन वुकोंग. हीच अक्षरं जपानीत वाचली की होतात सोन गोकू. 'वुकोंग'मधल्या पहिल्या अक्षराचा अर्थ बोध होणे, आणि दुसऱ्याचा रिकामेपण. चिनी बौद्ध ग्रंथांत 'शून्यता' या संस्कृत शब्दासाठी हेच अक्षर वापरतात. म्हणजे गोकू म्हणजे 'ज्याला शून्याचा बोध झाला तो'. सतत भूक लागणाऱ्या मुलाचं नाव शून्यावरून! वर्गाला हे फारच पटलं.

हा सुन वुकोंग कोण? 'पश्चिमेचा प्रवास' नावाची शंभर प्रकरणांची एक चिनी कादंबरी आहे. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ सालची. तिच्यात एक भिक्षू बौद्ध ग्रंथ आणायला भारतात निघतो आणि वाटेत त्याचं रक्षण करतो हा वानरराजा. ते ज्या पश्चिमेला निघाले ती पश्चिम म्हणजे आपण. वानरराजा आणि आपला मारुती यांचं काही नातं आहे का, यावर अभ्यासकांचा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण भिक्षू मात्र खराखुरा होता : ह्युएन त्संग. तो इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला, तेव्हा राज्य दुसऱ्या पुलकेशीचं होतं. त्याने आपल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे की हे उंच, साधे, मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा झाला तर आधी शत्रूला कळवतात. त्याने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णनही केलं आहे. ते अजिंठ्याचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

वानरराजाचं वाहन आहे ढग. एका उडीत तो एक लाख आठ हजार ली, म्हणजे हजारो मैल, जातो. गोकूच्या पिवळ्या ढगाचं जपानी नावही तेच आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ : कोलांटउडीचा ढग. इंग्रजी भाषांतरांत त्याचा नुसता 'उडता ढग' झाला आणि माकड हरवलं. मराठीत माकडाच्या उडीला कोलांटउडीच म्हणतात. आपलं भाषांतर इथे सरस ठरतं.

गोकूची लांब-आखूड होणारी काठी 'न्योइबो'. न्योइ म्हणजे मनात येईल तसं. चीन-जपानमध्ये आपल्या 'चिंतामणी'चं भाषांतर करताना हाच शब्द वापरला : 'मनासारखं करणारा मणी'. थेऊरच्या चिंतामणीला जाऊन आलेल्यांनी हात वर केले. मग या काठीला 'चिंतादंड' म्हणू, असं एकाने सुचवलं; त्यावर दुसरी म्हणाली, "म्हणजे काळजीची काठी?" इथे लक्षात ठेवा : 'चिंता'चा जुना अर्थ विचार. 'चिंतन' हा शब्द त्यातलाच. काळजी हा अर्थ नंतर वर आला.

आणि एक सापळा. कासवऋषींना इंग्रजीत रोशी म्हणतात, म्हणून आपल्या निम्म्या वर्गाने 'रोशी म्हणजे ऋषी' असं लिहिलं. नाही! रोशी म्हणजे वृद्ध गुरू. 'ऋषी'शी त्याचा संबंध नाही. पण त्यांच्या दुसऱ्या नावात, 'कामे-सेन्निन'मध्ये, 'कामे' म्हणजे कासव, आणि 'सेन्निन'मधलं 'सेन' हे अक्षर चिनी ग्रंथांत 'ऋषी'साठी वापरलेलं आहे. तेव्हा उत्तर बरोबर, पद्धत चूक. अर्धे गुण. फ्रान्समध्ये त्यांना 'हुशार कासव' अशा अर्थाचं नाव आहे. तिथे कार्टून १९८८ पासूनच लोकप्रिय होतं, म्हणून १९९० साली हा खेळ गोकूच्या मूळ चेहऱ्यासह विकला गेला. ओळख आधी झाली असली की चेहरा बदलावा लागत नाही.

तोरियामांनी बरीच नावं खाण्यापिण्यावरून ठेवली आहेत. यामचा म्हणजे चहा-फराळ. ऊलाँग आणि पूआर ही चहाची नावं. गोकूच्या आजोबांचं नाव गोहान, म्हणजे भात. हे ऐकून मुलं लोळली, तेव्हा आम्ही आपली आडनावं फळ्यावर लिहिली : साखरे, भोपळे, पडवळ, दहीभाते. मग वर्गाने आपली मराठी आवृत्ती केली. यामचा झाला फराळे, ऊलाँग झाला उकाळा, गोहान झाले भातआजोबा. गोकूचं मराठी नाव काय ठेवायचं यावर मतं घेतली. 'शून्यबोध'ला दोन मतं मिळाली, 'गोकू'ला चौदा.

स्वाध्याय :

१. तुमच्या नावाचा अर्थ आई-बाबांना विचारा आणि पाच ओळी लिहा. ते नाव कुणी ठेवलं, आणि दुसरं कोणतं ठेवणार होते, तेही विचारा.

२. घरात ऐकू येणारे नादाचे दहा शब्द शोधा. कुकरची शिट्टी धरू नका, ती सगळेच लिहितात.

३. 'शुकशुकाट', 'सामसूम' आणि 'सन्नाटा' यांत फरक काय? आजी-आजोबांशी फोनवर बोलून लिहा.

४. (पालकांसाठी) तुमच्या मुलाचं नाव शाळेत कसं म्हणतात, ते एकदा मुलालाच विचारा. इकडे कागदावर लिहून पाठवायची गरज नाही.

कंट्रोलर दोन होते, आता एकच सापडतो आहे. ज्याच्या दप्तरात दुसरा गेला असेल त्याने तो येत्या रविवारी घेऊन यावा. आम्ही चौथ्या भागात अडकलो आहोत आणि भूक वाढते आहे.