टॉवर बदलताना डेटा जातो कुठे?

प्रश्न : भोसरीहून चाकण एमआयडीसीला कंपनीच्या बसने जातो. मोशीजवळ व्हिडिओ कॉल क्षणभर अडखळतो, पण डाउनलोडला लावलेली फाइल धड उतरते. असं का? – एक वाचक, भोसरी

उत्तर : बस नाशिक महामार्गावर धावत असताना तुमचा फोन आसपासच्या टॉवरांचे सिग्नल मोजून चालू टॉवरला कळवत असतो. शेजारचा पुरेसा सरस ठरला की तुम्हाला तिकडे सोपवलं जातं. खरी कसोटी त्या क्षणाची असते. फोन नव्या टॉवरवर गेलेला, पण मुख्य नेटवर्क डेटा अजून जुन्याकडेच पाठवतंय!

जुना टॉवर तो फेकून देत नाही. न पोचलेली पाकिटं तो थेट दुव्यावरून नव्याकडे धाडतो. 4जीमध्ये या दुव्याला एक्स2 म्हणतात, 5जीमध्ये एक्सएन. सोबत अनुक्रमांकही कळवतो. मार्ग बदलला की जुन्या वाटेवरून शेवटी एक समाप्तीची खूण येते. ती येईपर्यंत नवा टॉवर ताजा डेटा रोखून धरतो, म्हणून क्रम बिघडत नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. थेट दुवा नसेल तर पाकिटं मुख्य नेटवर्कमार्गे वळसा घेतात आणि उशीर वाढतो.

फाइलला उशीर चालतो, एकही बाइट गहाळ झालेला चालत नाही. कॉलचं उलट : उशिरा आलेलं चित्र ॲप टाकूनच देतं.

मात्र रोज त्याच जागी कॉल कित्येक सेकंद गोठत असेल, तर दोष बहुधा कव्हरेजचा किंवा शेजारी टॉवरांच्या नोंदीचा असतो. ठिकाण आणि वेळ टिपून सेवा कंपनीकडे तक्रार जरूर नोंदवा.