चियाचे बी : पोषणमूल्य आणि जंतुरोधक गुण

शहरांतील दुकानांत चिया या नावाने मिळणारे करडे, ठिपकेदार बारीक बी मूळचे मेक्सिको व ग्वाटेमाला या देशांतील होय. तुळशीच्याच कुळातील साल्व्हिया या प्रजातीची ही वनस्पती. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘हिस्पानिका’, म्हणजे स्पेनची, ठरविले. स्पेनशी तिचा संबंध एवढाच, की ती तेथे समुद्रापलीकडून आली होती. अ‍ॅझ्टेक राज्यात मका व घेवडा यांच्या जोडीने हे बी खाल्ले जाई आणि करभार म्हणूनही वसूल केले जाई.

या बियांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १७ ग्रॅम प्रथिने, ३१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ३४ ग्रॅम तंतू आणि ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. स्निग्धांशापैकी निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ आम्लाचा असतो. चियाची ख्याती आहे ती मुख्यतः या आम्लामुळे. तथापि, विदर्भात रब्बीत पिकणाऱ्या आणि चटणीच्या रूपाने घरोघरी परिचित असलेल्या जवसात हेच आम्ल १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे चियापेक्षा अधिकच असते. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र चिया सरस आहे.

पाण्यात टाकताच बियांभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. सब्जाही असाच फुगतो. परंतु तो एकरंगी काळा असतो व काही क्षणांतच फुलतो. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी धरून ठेवते. म्हणूनच कोरडे बी तोंडात टाकून वर पाणी पिणे धोक्याचे आहे. ते अन्ननलिकेत फुगून अडकल्याचे उदाहरण वैद्यकीय नोंदींत आहे. बी आधी भिजवावे.

जंतुरोधक गुणांविषयी बरेच बोलले जाते. बियांत कॅफेइक व रोझमॅरिनिक ही आम्ले असतात. बियांतील प्रथिनांचे विघटन करून मिळविलेल्या सूक्ष्म अंशांनी काही रोगजंतूंची वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. असे प्रयोग बशीतल्या पोषक थरावर किंवा परीक्षानळीत होतात. तेथे अर्क थेट जंतूंवर पडतो. आहारातील चमचाभर बी मात्र जठर व आतडे यांतून जाताना पचते, विरळ होते आणि त्यातील घटकांचे रूप पालटते. त्यामुळे चिया खाल्ल्याने संसर्ग बरा होतो, हा दावा त्या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. तापाच्या किंवा जुलाबाच्या रुग्णाने वैद्याकडे जाण्याऐवजी यावर विसंबणे घातक ठरेल.

इतकेच नव्हे, तर २०१४ मध्ये मोड आणून दळलेल्या चियाच्या पिठातून अमेरिका व कॅनडा येथे साल्मोनेला या जंतूचा संसर्ग पसरला. अमेरिकेतील १६ राज्यांत ३१ रुग्णांची नोंद झाली. मोड आणण्यासाठी लागणारा ओलावा व ऊब जंतूंच्या वाढीसही पोषक असते आणि असे पीठ बहुधा न शिजविताच खाल्ले जाते.