वाद घालण्याची रीत

कोकणात अलिबाग, पेण, रोहा या भागात पूर्वी शनवार तेली राहत. ते घाणा चालवीत, तेल विकीत. पण शनिवार आला की घाणा बंद. बैलाला सुट्टी आणि माणसालाही सुट्टी. शनिवारी कामाला हात लावायचा नाही, असा त्यांचा धर्म. हे लोक म्हणजे बेने इस्राएल, अर्थात मराठी बोलणारे ज्यू. ज्यूंना यहुदी असेही म्हणतात. दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी यांची आडनावे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी सन 1796 मध्ये मुंबईत यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आपल्या बोलीत हे लोक त्याला मशीदच म्हणत.

पण आजचा धडा तेलाचा नाही आणि मंदिराचाही नाही. ज्यू लोक आपसांत वाद कसा घालतात, आणि वाद घालूनही एका छपराखाली कसे राहतात, हे आज पाहू. आपल्या गावात ग्रामसभा भरते, भावकी बसते, सोसायटीची मीटिंग होते. तिथे काय काय होते, ते मी सांगायला नको.

ज्यूंचे मोठे देऊळ यरुशलेम शहरात होते. इसवी सन 70 मध्ये रोमच्या सैन्याने ते जाळून पाडले. पुढे या लोकांना राजा राहिला नाही, सैन्य राहिले नाही. माणसे देशोदेशी पांगली. मग त्यांना एकत्र धरून ठेवणारे काय उरले? उरले त्यांचे धर्मशास्त्र, आणि त्या शास्त्रावर चालणारी चर्चा. धर्म शिकवणाऱ्याला ते रब्बी म्हणतात. रब्बी आणि त्यांचे शिष्य एकत्र बसत आणि एकेका प्रश्नाचा कीस काढीत. कोणाचा बैल कोणाच्या शेतात शिरला तर भरपाई किती? दोघांनी एकच कापड धरले आणि दोघेही ते माझे म्हणतात, तर निवाडा कसा? असे रोजचे प्रश्न. सन 200 च्या सुमारास रब्बी येहुदा यांनी ही चर्चा एका ग्रंथात गोळा केली. तिचे नाव मिश्ना. मग मिश्नावर पुन्हा तीनशे वर्षे चर्चा झाली. ती बाबिलोन देशात, म्हणजे आजच्या इराकात. त्यातून झाला तालमूद. छापील तालमूदची पाने 2711 भरतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या पोथीत नियम तरी किती असतील! पण गंमत अशी की ही पोथी नुसत्या नियमांची नाही. ती वादाची पोथी आहे. अमका काय म्हणाला, तमक्याने काय हरकत घेतली, त्यावर पहिल्याने काय उत्तर दिले, सगळे लिहिलेले. जो हरला त्याचेही म्हणणे लिहिलेले, आणि नावासकट. हरलेल्याचे कशाला लिहायचे? हा प्रश्न मिश्नानेच विचारला आहे, आणि उत्तरही दिले आहे. पुढे कधी काळ बदलेल. तेव्हाच्या पंचांना हरलेल्याचे म्हणणेच योग्य वाटेल. मग त्यांना ते सापडायला नको का? काही प्रश्न तर सुटलेच नाहीत. तिथे तालमूदात एक शब्द येतो, तेकू. त्याचा अर्थ, हा प्रश्न असाच उभा राहू द्या. सुटला नाही तर सुटला नाही. उगाच सुटल्याचे सोंग नाही.

या पोथीचे पान पाहण्यासारखे असते. मधोमध मूळ मजकूर. एका बाजूला राशी नावाच्या पंडिताची टीका, म्हणजे अर्थ सांगणारे लिखाण. हा राशी सन 1040 ते 1105 या काळात होऊन गेला. तो फ्रान्स देशातला. दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवांचे आणि त्यांच्या मागून आलेल्या पंडितांचे लिखाण. आणि नातू काय करतात? आजोबांच्या अर्थात खोट काढतात! आजोबा एका अंगाला, नातू दुसऱ्या अंगाला, पान एकच. सन 1520 ते 1523 या काळात व्हेनिस शहरात बोंबर्ग नावाच्या छापखानदाराने सगळा तालमूद छापला. तो स्वतः ख्रिस्ती होता. तेव्हापासून पानाची ही ठेवण कायम आहे.

आता हे लोक शिकतात कसे? दोघे दोघे जोडीने. एक वाचतो आणि अर्थ सांगतो, दुसरा अडवतो. मग दुसरा सांगतो, पहिला अडवतो. खोलीत अशा वीस-पंचवीस जोड्या एकाच वेळी मोठ्याने बोलत असतात. आपल्या शाळेत गलका झाला की मास्तर टेबलावर छडी आपटतो. त्यांच्या शाळेत सगळे चिडीचूप झाले तर मास्तरला काळजी वाटावी. पूर्वी या खोलीत बायकांना जागा नव्हती. आता पुष्कळ ठिकाणी ती मिळाली आहे, काही ठिकाणी अजून नाही. सन 1923 पासून आणखी एक रीत सुरू झाली. जगभरच्या ज्यूंनी रोज तालमूदचे एकच ठरलेले पान वाचायचे. असे सगळे पुरे व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. चौदावी फेरी सन 2020 च्या जानेवारीत सुरू झाली.

आता एक गोष्ट ऐका. तालमूदातलीच आहे. रब्बी योहानान नावाचा मोठा पंडित होता. त्याला रेश लाकिश नावाचा माणूस भेटला. हा आधी लुटारू होता. अंगाने धिप्पाड, मनाने धीट. योहानानने त्याला शास्त्राकडे वळवले, शिकवले, आपली बहीण दिली. दोघे मेहुणे झाले आणि चर्चेतले जोडीदारही झाले. एक दिवस वाद निघाला. सुरी, तलवार ही हत्यारे पुरी झाली असे कधी म्हणायचे? योहानान म्हणाला, भट्टीतून निघाली की पुरी झाली. लाकिश म्हणाला, नाही, पाण्यात बुडवून थंड केल्यावर. कोणत्याही लोहाराला विचारा, यात बोलण्यासारखे आहे. पण योहानानचा तोल गेला. तो म्हणाला की लुटारूला लुटारूची हत्यारे बरी कळतात!

झाले. वाद हत्याराचा होता, तो माणसावर गेला. जी गोष्ट लाकिशने मागे टाकली होती, तीच चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकली. लाकिशनेही उलट ऐकवले की तुझा मला काय उपयोग झाला, तिथेही लोक मला वस्ताद म्हणत आणि इथेही वस्तादच म्हणतात. योहानान दुखावला. लाकिश आजारी पडला. बहीण रडत भावाकडे आली, नवऱ्यासाठी पदर पसरला. योहानान द्रवला नाही. लाकिश मेला.

मग मात्र योहानानला चैन पडेना. लोकांनी त्याच्याजवळ बसायला एक हुशार शिष्य दिला. योहानान काही बोलला की शिष्य म्हणे, बरोबर आहे गुरुजी, याला अमका आधार आहे. योहानान वैतागला. त्याचे म्हणणे असे की मी बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, ते तू कशाला सांगतोस? लाकिश माझ्या एका बोलण्यावर चोवीस हरकती घ्यायचा. मी चोवीस उत्तरे द्यायचो. त्यातून गोष्ट उलगडत जायची. योहानानने अंगावरचे कपडे फाडले, लाकिशला हाका मारीत तो फिरला, आणि शेवटी त्याला वेड लागले.

बघा, हरकत घेणारा होता तोवर तो नकोसा झाला. गेल्यावर कळले की त्याच्यावाचून शास्त्रच पुढे सरकत नाही. चारचौघांत माणसाची लाज घेणे म्हणजे त्याचे रक्त सांडणेच होय, असे तालमूद मानतो. हे लिहिणारे हवेत बोलत नव्हते.

आणखी एक जोडी सांगतो. हिलेल आणि शम्माय हे दोन गुरू. दोघांच्या दोन शाळा. मते जवळजवळ नेहमी वेगळी. तालमूद सांगतो की एकदा तीन वर्षे वाद चालला. शेवटी आकाशवाणी झाली. दोन्ही बाजू देवाच्याच, पण वागायचे हिलेलच्या शाळेप्रमाणे. असे का? तर ही माणसे नरम होती. आपले मत सांगण्याआधी ती समोरच्याचे मत सांगत, आणि नीट सांगत. निकाल हुशारीला मिळाला नाही हे ध्यानात घ्या. आपल्या मीटिंगमध्ये समोरच्याचे म्हणणे आधी त्याला पटेल असे सांगून दाखवा पाहू! निम्मी भांडणे तिथेच बसतील असे मला वाटते.

न्यायसभेतली रीतही ऐका. माणसाच्या जिवाचा खटला असला तर तेवीस न्यायाधीश बसत. मत द्यायला सुरुवात सगळ्यांत लहानाने करायची. थोरला आधी बोलला तर लहान त्याच्या पुढे बोलायला कचरेल म्हणून. सोडून द्यायला एका मताचे अधिक पुरे, दोषी ठरवायला दोन मतांचे. आणि सगळ्या तेविसांनी एकमुखाने दोषी म्हटले, तर आरोपी सुटायचा. हे वाचून आपण चमकतो. पण ज्याच्या बाजूने बोलायला एकही तोंड नाही, त्याची बाजू पाहिलीच गेली नाही, असा त्यांचा हिशोब.

गरिबाची दादही होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी जर्मनी आणि फ्रान्सकडच्या ज्यूंत एक रीत चाले. कोणावर अन्याय झाला, विधवेचे पैसे कोणी बुडवले, तर त्या माणसाने मंदिरात भर प्रार्थनेत उभे राहायचे आणि प्रार्थना थांबवायची. त्याचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही. देवाला थोडे थांबता येते, असे त्यांनी धरले. मला ही रीत फार आवडली. पुढे तिला आळा घालणारे नियमही झाले, कारण ऊठसूट कोणी प्रार्थना अडवू लागला तर चालायचे कसे?

आता हे लोक कधी चुकलेच नाहीत असे समजू नका. तालमूदातच रब्बी एलियेझरची गोष्ट आहे. एका भट्टीवरून वाद झाला. एलियेझर एकटा एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. त्याने चमत्कार दाखवले. झाड जागचे हलले, ओढा उलटा वाहिला. शेवटी आकाशवाणीही त्याच्या बाजूने झाली. तेव्हा रब्बी येहोशुआ उभा राहिला. त्याचे म्हणणे, शास्त्र आता माणसांच्या हाती दिले आहे, निकाल बहुमताने होईल, आकाशातून नाही. इथवर सगळे ठीक. पण नंतर बहुमताने एलियेझरला वाळीत टाकले. हे सांगायला त्याचा शिष्य अकिवा काळे कपडे घालून गेला आणि चार हात दूर बसला. म्हातारा जमिनीवर बसून रडला. आणि पोथी म्हणते, त्या दिवशी गव्हाचा, सातूचा, जैतुनाचा तिसरा हिस्सा करपला. बहुमत बरोबर होते, तरी पीक करपले. पोथीने हेही लपवले नाही.

वाळीत टाकण्याचा हा प्रकार नंतरही झाला. हॉलंड देशात आम्स्टरडाम शहरी सन 1656 मध्ये स्पिनोझा नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या विचारांसाठी जमातीबाहेर काढले. पुढे जगाने त्याला थोर तत्त्वज्ञ मानले.

आपल्या बेने इस्राएलांनाही असा प्रसंग आला. सन 1948 मध्ये इस्रायल देश झाला. कोकणातली आणि मुंबईतली पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तिथे मोठ्या रब्बींना शंका आली. हे लोक शेकडो वर्षे दूर राहिले, यांनी लग्ने आणि काडीमोड शास्त्राप्रमाणे केले असतील का? सन 1962 मध्ये फर्मान निघाले. बेने इस्राएल मुलामुलीचे दुसऱ्या ज्यूशी लग्न ठरले, तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांनी आता ज्यू असल्याचा पुरावा द्यायचा! माणसे चिडली, पण गप्प बसली नाहीत. सन 1964 च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह यरुशलेमला जाऊन त्यांनी धरणे धरले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने खास बैठक घेतली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे सरकारने सांगितले. मग रब्बींनी फर्मानातून बेने इस्राएल हे नाव काढून टाकले.