जोडणीआधी ठासणीच्या रायफलचं किट असं जपा

अमेरिकेतल्या तुमच्या घरी केंटकी रायफलचं किट आलंय, पण जोडायला सवड मिळणार थेट उन्हाळ्यात? काही बिघडत नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या: उघड्या पोलादावर गंज चढू द्यायचा नाही आणि लाकूड वाकू द्यायचं नाही. चला, टेबल रिकामं करा.

साहित्य: सुती हातमोजे, स्वच्छ सुती फडकी, बंदुकीचं तेल, व्हीसीआय (गंजरोधक) कागद, झिपच्या जाड पिशव्या, आर्द्रतामापक, दस्त्याहून लांब सपाट फळी, जुनी सुती चादर आणि कुलपाचं कपाट.

कृती

१. आधी तुमच्या राज्याचे आणि शहराचे नियम वाचा. ते जागोजागी वेगळे असतात. किट भारतात न्यायचा विचार असेल तर थांबा. तिथे ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्रपरवाना लागतो.

२. बंद खोकं रात्रभर खोलीत राहू द्या. थंडीतून आलेलं खोकं लगेच उघडलंत, तर गार पोलादावर दव धरतं.

३. पांढरी चादर पसरून एकेक भाग यादीशी ताडून पाहा. काही कमी असेल तर विक्रेत्याला आत्ताच कळवा. एवढ्यात हौसेने स्क्रू पिळून बघू नका, खाचा खराब होतात.

४. हातमोजे घाला. घामट बोटांचा ठसा पोलादावर गंजाचा डाग होऊन उमटतो.

५. तेलाच्या फडक्याने नळी बाहेरून पुसा. पातळ थर पुरे, ओघळ नकोत.

६. सफाईच्या गजाला तेलाचं फडकं लावून नळी आतूनही पुसा. बोळा आत ठेवू नका. तो ओल धरतो आणि नंतर विसरला जातो.

७. लॉकचा घोडा खाली उतरलेला आहे ना, पाहा. चढवलेला असेल तर अंगठ्याने धरून सावकाश उतरवा. तो आपटू देऊ नका.

८. लॉक, चाप आणि पोलादी स्क्रू यांना तेलाचा हात फिरवा. सिलिकॉनचा फवारा वापरू नका. तो लाकडाला लागला तर पुढे पॉलिश धरत नाही.

९. नळी आणि हे सगळे पोलादी भाग व्हीसीआय कागदात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, ते दमट होतं.

१०. छोटे भाग पिशव्यांत भरून प्रत्येकीवर नाव लिहा. पितळी भाग कोरड्या फडक्यात गुंडाळून वेगळे ठेवा. प्रत्येक व्हीसीआय कागद पितळाला चालतोच असं नाही.

११. आता तेलकट हातमोजे काढून हात साबणाने धुवा. दस्त्याच्या कोऱ्या लाकडात तेल मुरलं, की तिथे रंग नीट बसत नाही.

१२. दस्ता फळीवर पूर्ण लांबीभर टेकवून आडवा ठेवा. कोपऱ्यात तिरका उभा करू नका. नळीखालचा बारीक भाग वाकतो.

१३. लाकडी ठासणी गजही त्याच फळीवर सरळ ठेवा. त्याच्यावर काही रचू नका.

१४. दोन्हींवर चादर सैल पांघरा. प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. सिलिका जेलही दस्त्याशेजारी नको. लाकूड फार सुकलं तर चिरतं.

१५. सगळं घराच्या आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. बेसमेंट दमट असतं, गराज आणि अ‍ॅटिकमध्ये तापमान सारखं बदलतं, आणि हीटरच्या झडपेसमोर लाकडाला तडे जातात.

१६. कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. त्या कपाटात बारूद मुळीच ठेवू नका.

१७. दर महिन्याला उघडून पाहा. पोलादावर तांबूस ठिपका दिसला तर तेल टाकून अगदी बारीक स्टील वूलने हलकेच घासा, पुसा आणि पुन्हा तेल लावा. फार जोर लावलात तर नळीच्या कडा बोथट होतील.

१८. जोडणी सुरू करण्याआधी दोन आठवडे दस्ता कामाच्या खोलीत आडवा ठेवा. लाकूड तिथल्या हवेला रुळलं, की आज बसवलेला भाग आठवड्याने घट्ट किंवा सैल होण्याची धास्ती कमी. आता बिनधास्त कानस हातात घ्या!