पैनगंगा ते चिनाब: मुलांना शेजाऱ्यांचं युद्ध समजावताना

ही कृती आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. मावला, आदिलाबाद आणि आसपासच्या गावांतल्या पालकांना ती घरी करता येईल, शिक्षकांना वर्गात. विषय मे 2025 चा भारत-पाकिस्तान संघर्ष. साहित्य थोडंच लागतं: दक्षिण आशियाचा मोठा नकाशा, दोरा, एक वही आणि सलग दीड तास. टीव्ही बंद ठेवा. मोबाईल चौथ्या पायरीपर्यंत लागणार नाही.

पायरी 1. आधी मुलांना बोलू द्या. काय पाहिलं, कुणाकडून ऐकलं, कशाची भीती वाटते, एवढंच विचारा आणि लगेच दुरुस्त करू नका. या वयाच्या मुलांनी मोबाईलवर बरंच पाहिलेलं असतं; घरी ती त्यातलं फारसं सांगत नाहीत. रागालाही जागा द्या. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात 26 जणांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत सहाजण महाराष्ट्रातले होते. त्याबद्दल मुलगा चिडून बोलला तर त्याला गप्प बसवणं चूक आहे.

एक नियम मात्र सुरुवातीलाच सांगा: इथे बसलेल्या कुणालाही कुठल्या देशाच्या किंवा धर्माच्या वतीनं उत्तर द्यायला लावायचं नाही. आपल्याकडे मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी बोलणारी मुलं एकाच गल्लीत वाढतात. अशा दिवसांत एखादं मुसलमान मूल उगाच मान खाली घालून बसतं, हे मोठ्यांच्या लक्षात यायला हवं. बैसरनला मारल्या गेलेल्यांत एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता, हे इथेच सांगा.

पायरी 2. नकाशा पसरा. मावल्याजवळून जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला पोचतो. मुलांना बोटानं उत्तरेकडे जाऊ द्या: पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, नागपूर, झाशी, दिल्ली, जालंधर, पठाणकोट, जम्मू, अनंतनाग. अनंतनागजवळून पहलगामचा फाटा फुटतो. मग दोऱ्यानं मावल्यापासून सरहद्दीपर्यंतचं सरळ अंतर मोजून घ्या. धाकट्यांची भीती या मोजणीनं बरीच उतरते, आणि थोरल्यांना कळतं की पठाणकोट-जम्मूकडच्या मुलांनी संघर्षाच्या रात्री दिवे विझवून का काढल्या.

पायरी 3. आता नकाशावरून घराजवळ या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण सीमा म्हणजे काय हे आदिलाबादच्या मुलांना पुस्तकाशिवाय समजू शकतं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा याच जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. सोयरिकी तुटल्या नाहीत. कितीतरी मुलांचं आजोळ आजही पैनगंगेपलीकडे आहे. जिवती तालुक्याच्या बाजूला चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, आणि तिथल्या अनेकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं आहेत. पैनगंगेच्या पाण्यावरूनही वाटाघाटी झाल्या. चनाखा-कोरटा बंधाऱ्याबाबत दोन्ही राज्यांनी ऑगस्ट 2016 मध्ये करार केला.

आता विचारा: जमिनीचा वाद आहे, पाण्याचाही होता, मग दोन्ही राज्यं एकमेकांवर तोफा का डागत नाहीत? उत्तर तुम्ही देऊ नका. एक संविधान, एक सर्वोच्च न्यायालय, एकच सैन्य, इथपर्यंत मुलं आपणहून पोचतात. त्यानंतर सिंधू पाणी करार काढा. 1960 साली झालेल्या या करारानं सिंधू, झेलम, चिनाब या नद्यांचं पाणी मुख्यतः पाकिस्तानला आणि रावी, बियास, सतलजचं भारताला दिलं. 1965, 1971 आणि 1999 च्या युद्धांतही तो टिकला. पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी, 23 एप्रिलला, भारतानं तो स्थगित केला. दोन देशांच्या वर दोघांनाही बांधून ठेवील असं न्यायालय नसलं की करार कशाच्या बळावर टिकतो, यावर मुलांना भांडू द्या.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘पण सर, इथंही सैन्य आलं होतं ना?’ बरोबर आहे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य आलं. त्या काळाबद्दल घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून यायला सांगा.

पायरी 4. वहीत चार रकाने आखा: तारीख, काय सांगितलं, कुणी सांगितलं, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला का. मग मोबाईल काढा आणि बातम्या भरायला लावा. 7 मेच्या पहाटे भारतानं नऊ ठिकाणी हल्ले केले, ही नोंद सोपी आहे. 8 मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं अनेक वाहिन्यांनी सांगितलं. चौथा रकाना कोराच राहतो, कारण ते घडलंच नव्हतं. 10 मेचा गोळीबारबंदीचा निर्णय तर मुद्दाम घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष म्हणाले, आपण मध्यस्थी केली. भारत म्हणाला, दोन्ही सैन्यांचे अधिकारी थेट बोलले. दोन्ही विधानं शेजारी-शेजारी लिहा. लढाऊ व्हिडिओ गेममधली दृश्यंही खरी म्हणून फिरली होती. मुलं ती आपल्याआधी ओळखतात, तेव्हा हे काम त्यांच्यावरच सोपवा.

पायरी 5. आकड्यांनंतर माणसं. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात शाळकरी मुलंही गेली. आपल्याकडचे नागरिक आणि मुलं मारली गेल्याचं पाकिस्ताननंही सांगितलं. मुलांनी हे दोन्ही ऐकावं. रक्तबंबाळ चित्रफिती दाखवू नका. ऐकून पुरेसं कळतं. कुणी रडलं तर थांबा, पाणी द्या, त्या दिवशी पुढे जाऊ नका.

पायरी 6. चौथा रकाना कोरा राहिलेल्या नोंदींवर खूण करा आणि महिन्याभरानं पुन्हा बसायची तारीख तिथेच लिहा. वही मुलांकडे राहू द्या. मधल्या काळात नवी बातमी आली की ती आधी वहीत जाईल, मग मोबाईलवरच्या गटावर, एवढं त्यांच्याशी ठरवून घ्या.