पाठ्यपुस्तकातील इंग्रजी शब्द आपलासा कसा करावा?

गोव्यात मराठी अथवा कोकणी माध्यमातून चौथी उत्तीर्ण झालेली मुले बहुतांशी पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसतात. राज्याबाहेरच्या अनेक मराठी कुटुंबांतील मुलांवर हाच प्रसंग महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येतो. मुलगा हुशार असतो, विषयही त्याला समजतो. परंतु पुस्तकातील भारदस्त इंग्रजी शब्द आडवे येतात. मग मार्गदर्शक पुस्तकातील शब्दार्थांची यादी पाठ केली जाते, परीक्षेत उतरवली जाते आणि सुट्टी संपण्यापूर्वीच विसरली जाते. वर्गात नेमलेला धडाच शब्दसंपत्तीचे साधन कसे होऊ शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यादी पाठ करण्यातला धोका

या धोक्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका ज्येष्ठ कलावंताच्या सत्काराचे इंग्रजी प्रसिद्धिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेत पाठ केलेल्या यादीत ‘नोटोरियस’ या शब्दापुढे ‘प्रसिद्ध, कुप्रसिद्ध’ असे दोन अर्थ होते. त्यांतला पहिला तेवढा लक्षात राहिला होता. मी त्या कलावंतांना ‘नोटोरियस’ ठरवून मोकळा झालो! वरिष्ठांच्या नजरेस ते वेळीच आले म्हणून अनर्थ टळला. हा शब्द मी एखाद्या दरोडेखोराच्या गोष्टीत वाचला असता, तर त्याची खरी जात तेव्हाच कळली असती. यादी अर्थ सांगते; शब्दाची संगत मात्र धडाच दाखवतो.

एका धड्याचे उदाहरण

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार एनसीईआरटीने दहावीसाठी ‘फर्स्ट फ्लाइट’ हे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक तयार केले. त्यात लुसियो रॉड्रिग्ज या गोमंतकीय लेखकाचा गोव्यातील पाववाल्यावरचा छोटा लेख आहे. पोदेर आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. सायकलीवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर आजही वाड्यावाड्यांवर दिसतो. लेखातला पोदेर जुन्या काळचा असून तो बांबूच्या काठीचा नाद करीत येतो. विषय घरचा असल्यामुळे अपरिचित शब्दांचा अर्थ ताडण्यास हा धडा विशेष सोयीचा आहे.

पोदेराच्या येण्याच्या संदर्भात या धड्यात ‘हेराल्डिंग’ हा शब्द येतो. कोश उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे : काठीचा आवाज कशासाठी? तर पोदेर आल्याचे सर्वांना कळावे म्हणून. म्हणजे ‘आगमनाची वर्दी देणे’ हा अर्थ त्याचा त्यालाच सापडला. पुढे शिक्षकांनी सांगावे की ‘हेराल्ड’ म्हणजे राजाज्ञा पुकारणारा दूत. १९०० साली पोर्तुगीज भाषेत सुरू झालेल्या आणि १९८३ पासून इंग्रजीत निघू लागलेल्या ‘ओ हेराल्दो’ या गोव्यातील दैनिकाच्या नावातही तोच वार्ताहर उभा आहे. इतके झाल्यावर हा शब्द विसरणेच कठीण होते.

दुसरा शब्द ‘रिब्यूक’. मुले पोदेराभोवती गर्दी करतात आणि त्यांना बाजूला सारताना हा शब्द येतो; त्यामागे ‘सौम्य’ अशा अर्थाचे विशेषणही आहे. सौम्यपणे जे केले जाते आणि ज्याने मुले बाजूला होतात, ते काय असेल? अर्थातच दटावणी.

परंतु अंदाज नेहमीच बरोबर येतो असे नाही. याच धड्यात पाव बनवणाऱ्यांपैकी काहींसाठी ‘मोल्डर्स’ हा शब्द आहे. विद्यार्थ्याने घाईने कोश उघडला आणि ‘मोल्ड’ म्हणजे ‘बुरशी’ एवढेच वाचले, तर पाव आणि बुरशी यांची जोडी त्याला पटूनही जाईल! येथे मात्र कणकेला आकार देणारे कारागीर अभिप्रेत आहेत. म्हणून क्रम असा असावा : प्रथम वाक्य वाचावे, मग अंदाज बांधावा, शेवटी कोश पाहावा आणि कोशातील अनेक अर्थांपैकी त्या वाक्यात बसणारा अर्थ निवडावा.

शब्दांचे गोत्र ओळखावे

मराठी विद्यार्थ्यास एक मोठा लाभ जन्मतःच मिळालेला आहे. आहार, विहार, प्रहार, संहार या शब्दांत धातू एकच असून उपसर्गाने अर्थ पालटतो, हे तो व्याकरणात शिकतोच. इंग्रजीतील बरेच भारदस्त शब्द लॅटिनमधून आले असून त्यांचीही घडण अशीच आहे. ‘पाहणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून इन्स्पेक्ट, सस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, स्पेक्टेटर असे शब्द झाले. एक धातू कळला की चार शब्दांची दारे उघडतात.

पाववाल्याच्या धड्यातील ‘टेस्टिमनी’ हा शब्द याच दृष्टीने पाहावा. पोदेराचे गुटगुटीत शरीर हीच त्याच्या सुस्थितीची साक्ष, अशा आशयाने तो तेथे आला आहे. लॅटिनमध्ये ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. ‘टेस्टिफाय’ म्हणजे साक्ष देणे आणि आपल्या कार्यालयांतून नित्य कानी पडणारे ‘अटेस्टेड’ म्हणजे साक्षांकित. येथेही सावधगिरी हवी. परीक्षा या अर्थाचा ‘टेस्ट’ दिसायला सारखा असला तरी त्याचे मूळ निराळे, म्हणजे धातू पारखण्याच्या मातीच्या भांड्याचे नाव, हे आहे.

गोमंतकीयांस आणखी एक वाट मोकळी आहे. पोर्तुगीज ही लॅटिनचीच कन्या. त्यामुळे ‘कोमुनिदाद’ ठाऊक असलेल्यास ‘कम्युनिटी’ आणि ‘फेस्त’ पाहिलेल्यास ‘फेस्टिव्हल’ ही नाती सहज दाखवता येतात.

कोणते शब्द निवडावेत?

धड्यातील प्रत्येक कठीण शब्द शिकण्याचा अट्टहास नको. बंगालमध्ये शिक्षणकार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली त्यापुढची पायरी मांडली : विविध विद्याशाखांच्या ग्रंथांत वारंवार येणारी ५७० शब्दकुले. अशा ग्रंथांतील सुमारे १० टक्के शब्द याच कुलांतले असतात. पाववाल्याच्या धड्यातील ‘ट्रॅडिशनल’ हा शब्द या सूचीतील असून तो इतिहासात, भूगोलात आणि अर्थशास्त्रातही भेटेल. उलट जुन्या पोदेराच्या पोशाखाचे नाव त्या धड्यापुरते समजले तरी पुरे. एका धड्यातून असे आठ-दहा पुन्हा भेटणारे शब्द निवडून त्यांवर श्रम घ्यावेत.

विस्मरणावर उपाय

केवळ वाचून शब्द आपोआप येतील, असेही समजू नये. १९९९ साली या विषयावरील २० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. सहज वाचताना अपरिचित शब्दांपैकी सरासरी १५ टक्केच शब्द पदरात पडतात, असे त्यात आढळले. उरलेल्यांसाठी उजळणी हवी. नव्याने शिकलेले आरंभी फार वेगाने विसरले जाते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवले आहे. म्हणून शब्दांची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अशी वाढत्या अंतराने करावी. तीही अर्थ झाकून, आठवून करावी. नुसते डोळ्यांखालून घालणे पुरेसे नाही.

त्यासाठी विद्यार्थ्याने एक स्वतंत्र वही ठेवावी. प्रत्येक शब्दासाठी शब्द, धड्यातील त्याचे वाक्य, तेथे लागू पडणारा मराठी अर्थ, त्याच्या गोत्रातील दोन-तीन शब्द आणि स्वतःचे एक वाक्य, अशा पाच गोष्टी लिहाव्यात. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ढोलताशांचा गजर शिगमोत्सवाच्या आगमनाची वर्दी देतो, हे ‘हेराल्ड’ वापरून इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलाने तो शब्द आपल्या गावात वसवला, असे खुशाल समजावे.

पालक आणि शिक्षक

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनी स्वतःस असहाय मानू नये. रात्री जेवताना ‘आज कोणते शब्द शिकलास? त्यांचा अर्थ मराठीत सांग पाहू,’ एवढे विचारणेही उपयुक्त आहे. मराठीत समजावून सांगता येईपर्यंत शब्द पुरता कळलेला नसतो. घरातील आजोबांनी जुन्या पोदेराची आठवण सांगितली, तर धड्याला जिवंत टीपच मिळेल. शिक्षकबंधू-भगिनींनीही शब्दार्थ फळ्यावर लिहून देण्यापूर्वी मुलांना दोन मिनिटे अंदाज बांधू द्यावा. अंदाज चुकला तरी हसू होऊ नये. चुकून सुधारलेला अर्थ अधिक काळ टिकतो.

इंग्रजी शब्द शिकण्यासाठी मराठी बाजूला ठेवावी लागते, हा समज या सर्व विवेचनावरून दूर व्हावा. आपल्या भाषेतील अर्थ, आपले व्याकरण आणि आपल्या गावाचा अनुभव हीच या शिक्षणाची भक्कम साधने आहेत. आजच्या धड्यापासून दहा शब्दांनी आरंभ करावा; वर्षाअखेरीस ती वही विद्यार्थ्याच्या परिश्रमांची खरी ‘टेस्टिमनी’ ठरेल.